अकरा भावंडांतली थोरली : आमच्या बयाची आठवण

कोयनाकाठ

आमची बया गेल्या महिन्यात गेली. बया म्हणजे माझ्या वडिलांची आई. आधार कार्डावर तिची जन्मतारीख १ जानेवारी आहे, तशी ती तिच्या वयाच्या कितीतरी माणसांच्या कार्डावर असते. कोयना धरणाच्या मोजणीला माणसं आली तेव्हा तिला दोन लेकरं होती आणि तिसरं पोटात होतं, एवढ्यावरून आम्ही हिशेब करतो. नव्वदी तिने केव्हाच ओलांडली होती.

तेराव्याला भावकीने फाट्यावर फलक लावला. प्रेमळ, कष्टाळू, मनमिळाऊ. शब्द खोटे नाहीत, पण ते कुठल्याही म्हातारीच्या फोटोखाली चालतात. बया नेमकं काय करायची, तिला काय येत होतं, ते त्यात कुठेच नाही. ते मला लिहून ठेवायचं आहे. इथे लिहिलं तर घरातली बाकीची माणसंही वाचतील आणि भर घालतील, म्हणून हा धागा.

तिचं माहेर जावळीच्या खोऱ्यातलं, कोयनेच्या अगदी काठावरचं. सात भाऊ, हिला धरून चार बहिणी, आणि सगळ्यांत थोरली ही. आईचं एक बाळंतपण सरतंय तोवर दुसरं, त्यामुळे धाकटी पाच-सहा भावंडं हिच्याच काखेवर वाढली. शाळेचा प्रश्नच नव्हता. लग्न होऊन ती नदीपलीकडच्या गावात आली तर तिथेही भरलेलंच घर. पाच भाऊ, पाच जावा, सासू, एक विधवा चुलत सासू आणि पोरांचा लेंढार. पुरुष मुंबईला गिरणीत. लालबागला गावकीचा गाळा होता, एका खोलीत गावातले सगळे बाप्ये पाळीपाळीने झोपायचे. लावणीला पाचांतला एखादा रजा काढून यायचा, बाकीचे मनीऑर्डर पाठवायचे. म्हणजे शेत, गुरं, सोयरे, दुखणीखुपणी हे सगळं बायकांच्या अंगावर.

सासू गेल्यावर धान्याच्या कणग्या बयाच्या ताब्यात आल्या. नदीलगत भाताची खाचरं आणि वर डोंगराला नाचणी, वरी. मळणी झाली की ती पायलीने माप घ्यायची आणि कुडाच्या सारवलेल्या भिंतीवर कोळशाने रेघा ओढायची. बियाणं बाजूला, बलुतेदारांचं बाजूला, सणाचं आणि आल्यागेल्याचं बाजूला. उरलं ते महिन्यांवर वाटायचं. आषाढ-श्रावणात रानात सगळ्यांत जास्त काम आणि घरात सगळ्यांत कमी दाणा, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून ती वैशाखातच भाकरी लहान करायला लावायची. माझे वडील सांगतात, भाकरी लहान झाली की आम्हाला कळायचं, आता नवं पीक येईपर्यंत अशीच.

मग धरण आलं. १९५०च्या दशकात काम सुरू झालं आणि साठनंतरच्या पावसाळ्यांत पाणी चढत गेलं. आधी खाचरं बुडाली, कारण चांगली जमीन सगळी नदीच्या काठी. वरची उताराची वरकस तेवढी राहिली. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला १९७६ साली. आमची माणसं त्याच्या आधीच उठलेली. हातात रोख रक्कम पडली, तीही पुरुषांच्या. काही घरं बुडीत रेषेच्या वर डोंगरात सरकली. बाकीची जिथे जमीन मिळेल तिथे. बयाच्या सात भावांतले दोघे डोंगरात वर चढले, दोघे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यात गेले (आताचा रायगड), एक ठाण्याकडे, एक सोलापूरकडे. सर्वांत धाकटा मुंबईला गेला. बहिणींची सासरंही त्याच खोऱ्यातली, तीही उठली. एका हाकेच्या अंतरावर राहणारी अकरा भावंडं चार-पाच वर्षांत पाच जिल्ह्यांत पांगली.

जात्यावर ती एक ओवी म्हणायची, तिचीच असावी, कारण मी ती दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली नाही :

कोयनाबाई तुझं पाणी चढलं उंबऱ्याला
हाक कुणा मारू, भाऊ पांगले गं वाऱ्याला

यापुढे बयाने जे केलं ते मला सर्वांत मोठं वाटतं. तिने ती पांगलेली माणसं हातची जाऊ दिली नाहीत. लिहिता येत नव्हतं, फोन नव्हता. पण गावात कुठूनही पाहुणा आला, मुंबईहून कुणी सुट्टीवर आला, जत्रेला, लग्नाला, मयताला कुणी भेटलं, की ती त्याला समोर बसवून विचारायची. कुणाची लेक कुठे दिली, तिला काय झालं, पोरगं जगलं का, जमीन नावावर झाली का, सासू कशी आहे. एकदा ऐकलेलं विसरायची नाही. आणि कोण कुणाचा हे ती आईकडून सांगायची. अमक्याची मधली, तमक्या गावात दिलेली, तिच्या नणंदेचा थोरला. सोयरीक जुळवायची वेळ आली की भावकीतले जाणते बाप्ये आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, कारण कुणाचं देवक काय, कुठे नातं आडवं येतं, हे बयाशिवाय कुणालाच सांगता यायचं नाही.

आमच्याकडे पूर्वी सुगीनंतर हेळवी यायचा, बैल घेऊन. त्याच्या चोपडीत पिढ्यान् पिढ्यांची वंशावळ. तो नावं वाचायला लागला की घरातले पुरुष समोर बसायचे आणि बया उंबऱ्यात. आजोबांचे आजोबा, त्यांचे वडील, त्यांचे भाऊ, अशी नावं वाचून झाली की ती विचारायची, "आन लेकी? लेकी कुटं लिवल्यात?" तो मान हलवायचा. त्याची चोपडी बापाकडून मुलाकडे जाते, लेक तिच्यात नसतेच. सातबारावर नव्हती, धरणाच्या भरपाईच्या यादीतही नव्हती. आमच्या घरातल्या लेकींची, सुनांची, त्यांच्या माहेरांची एकमेव नोंद बयाच्या डोक्यात होती आणि ती आता गेली. शेवटच्या दोन वर्षांत तिच्याशी बोलून मी थोडं वहीत उतरवलं आहे, पण ते फारच थोडं.

तुमच्या घरात अशी मोठ्या खटल्यातली बाई असेल किंवा होऊन गेली असेल तर लिहा. ती कशी होती यापेक्षा ती काय करायची, ते लिहा.

पोफळीकर

वाचून बराच वेळ काही सुचेना. माझे वडील पोफळीच्या वीजगृहात होते, माझं बालपण तिथल्या वसाहतीत गेलं. तुमच्या खोऱ्यात साठलेलं पाणी बोगद्यातून सह्याद्रीच्या पोटातून आमच्याकडे कोकणात उतरतं, वीज करून वाशिष्ठीला मिळतं. ही गोष्ट आम्हाला शाळेत मोठ्या अभिमानाने शिकवली जायची आणि अभिमान वाटावा असंच ते काम आहे. वडील सांगायचे, डोंगराच्या आत एवढं मोठं वीजगृह आपल्या माणसांनी उभं केलं. पण घाटाच्या वर कुणाचा उंबरा बुडाला, हे घरी किंवा शाळेत कधी निघालं नाही.

भूकंपाची रात्र आमच्या घरात पुन्हापुन्हा सांगितली जायची. वडील रात्रपाळीला होते आणि आई आम्हाला घेऊन बाहेर मैदानात. तुमच्या गावाला काय झालं होतं?

कोयनाकाठ

@पोफळीकर, ११ डिसेंबर १९६७, सोमवार, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं. बया दळायला उठलेली होती, म्हणून घर वाचलं असं सगळे म्हणतात. कोयनानगरला दगडी बांधकामं कोसळली आणि पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. आमचं घर डोंगरात नव्याने बांधलेलं, कारवीचा कूड आणि वर गवत. एक बाजू बाहेरच्या अंगाला कलंडली, पण कुणी चिरडलं नाही.

अंधारात सगळे अंगणात आले. पोरं रडतायत, गुरं दावं तोडतायत. बयाने जावांना एका ओळीत उभं केलं आणि प्रत्येकीच्या पुढ्यात तिची पोरं. थोरलीची पाच, दुसरीची चार, असं तिने मोजलं. एक कमी भरलं. चौथ्या जावेचा तीन वर्षांचा मुलगा कणगीच्या मागे उबेला झोपायचा, हे फक्त तिला माहीत होतं. ती आत जाऊन त्याला घेऊन आली. ते माझे काका, पुढे नवी मुंबईत माथाडी कामगार झाले, आज त्यांना नातवंडं आहेत.

पुढे कित्येक दिवस धक्के बसत राहिले. सगळी उघड्यावर झोपायची, आणि बया रोज रात्री झोपण्याआधी तशीच मोजणी करायची.

आणि विजेबद्दल. पाणी आमचं, पण आमच्या वाडीत पहिला दिवा लागला तेव्हा मी शाळेत जात होते. तुमच्या वडिलांचा यात दोष नाही, त्यांनी मनापासून काम केलं. पण हे लिहिल्यावाचून राहवत नाही.

परळनाका

तुमच्या गावकीच्या गाळ्यातले पुरुष जेवायचे कुठे, हे मी सांगतो. माझ्या आजीसारख्या बाईकडे. आजी रत्नागिरीकडची, नऊ भावंडांतली पाचवी. आजोबा गिरणीत बदली कामगार, म्हणजे रोज दारात उभं राहायचं आणि कुणाचा खाडा पडला तर काम. त्यावर घर चालेना म्हणून तिने परळच्या खोलीत खानावळ घातली. दहा बाय दहाची खोली. तिन्ही पाळ्यांचे मिळून वीसएक गडी जेवायचे. पहाटे साडेतीनला पहिली चूल, रात्री पाळी सुटली की शेवटचं ताट.

पैसे महिन्याच्या महिन्याला यायचे, वाण्याला आणि रॉकेलला मात्र रोज लागायचे. मधली तूट सावकाराकडून. मंगळसूत्र गहाण पडणं ही आमच्या चाळीत नेहमीची गोष्ट होती. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि अशा खानावळवाल्या बायकांना एकमेकींच्या जामिनावर बँकेचं कर्ज मिळवून दिलं. प्रेमाताई गोवा मुक्तीच्या लढ्यात पायाला गोळी लागलेल्या. आजी त्यांच्याबद्दल बोलताना पदर डोक्यावर घ्यायची. पहिल्यांदा बँकेत गेली तेव्हा अंगठा उठवायला लाजली, आणि पुढच्या कर्जाच्या वेळी सही करून आली.

ती गड्यांना गावावरून ओळखायची. 'जावळीवाला', 'पाटणवाला', 'देवरूखवाला'. कुणाला तिखट चालतं, कुणाचा गुरुवार, कुणी घरी पैसे धाडले नाहीत, सगळं तिला माहीत. दोन महिने पैसे थकले तर ताट बंद करायची नाही, पण पठ्ठ्याच्या थोरल्या भावाला निरोप धाडायची. तुमची बया आणि माझी आजी एकाच माणसाला दोन टोकांनी सांभाळत असतील, असं आज वाचताना वाटलं.

कोयनाकाठ

@परळनाका, गिरण्यांच्या संपात काय झालं तुमच्याकडे? आमच्या घरातली ती सर्वांत अवघड वर्षं.

परळनाका

१८ जानेवारी १९८२. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत, त्यांच्यावर माणसांचा प्रचंड विश्वास होता. पहिले दोन महिने आजीने सगळ्यांना उधारीवर जेवू घातलं. मग गडी एकेक करून गावाला निघाले. जाताना काहींनी ट्रंका आमच्याकडे ठेवल्या, 'परत आलो की नेतो' म्हणून. संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. कित्येक ट्रंका न्यायला कुणी आलं नाही. आजीने एकही उघडली नाही. खोली विकताना वडिलांनी आतल्या कागदांवरचे पत्ते बघून त्या पोचवायचा प्रयत्न केला, निम्म्या पोचल्या.

उधारी बुडाली ती बुडाली. ती बोलून दाखवायची नाही. मंडळाचं कर्ज मात्र तिने पै न् पै फेडलं, पापड आणि मसाले करून.

कोयनाकाठ

गाव भरलं ते तेव्हाच. घरातले कमावते तिघे एकदम परत आले, शिवाय बयाच्या दोन भाच्यांना घरच नव्हतं, तेही आले. मनीऑर्डर बंद आणि खाणारी तोंडं वाढलेली. खाचरं पाण्याखाली. बयाने त्या वर्षी दोन गोष्टी केल्या. उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की जो गाळ उघडा पडतो त्यात गाळपेर करता येते. पुरुषांना त्याची लाज वाटत होती, आपल्याच बुडालेल्या शेतात चोरासारखं काय पेरायचं म्हणून. ती स्वतः उतरली. बुडालेल्या बांधांच्या खुणा तिला अजून ओळखू येत होत्या, आपलं खाचर कुठलं ते तिने बरोबर दाखवलं. आणि दुसरं, नाचणीची भाकरी रोजची बंद करून दिवसाआड आंबील सुरू केली. हुलग्याचं माडगं, कुर्डूची भाजी, करटुली, रानात जे मिळेल ते. त्या दोन वर्षांत आमच्या घरातलं एकही मूल दगावलं नाही. आसपास असं म्हणता येणारी घरं फार नव्हती.

वाकळ

मी धागाकर्तीची चुलत बहीण. घरच्या ग्रुपवर दुवा आला म्हणून वाचलं आणि इथे लिहिण्यासाठीच सदस्य झाले.

सगळं खरं आहे. पण माझी आई त्या घरातली तिसरी सून, आणि तिच्या बाजूने कुणी लिहिणार नसेल तर मी लिहिते.

आई लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती. पहिल्या नागपंचमीला माहेरी धाडली नाही, लावणी उरकली नव्हती. दुसऱ्या वर्षी जाऊ बाळंत होती. तिसऱ्या वर्षी तिचा भाऊ मूळ घेऊन न्यायला आला, त्यालाही बयाने चहा पाजून परत लावलं. त्याच थंडीत आईची आई गेली. तोंड दिसलं नाही. आईने हे आयुष्यभर मनात ठेवलं.

भाकरी लहान व्हायची असं लिहिलं आहेस. कुणाची? आधी सुनांची. पुरुष आणि पोरं जेवून उठली की उरेल ते आम्ही, असं आई सांगते. किल्ल्या बयाच्या कमरेला. पोटुशी असताना आईला गूळ खावासा वाटला तर तो मागून मिळाला नाही, शेजारणीने पदराआड आणून दिला.

आणि "लेकी कुटं लिवल्यात" विचारणाऱ्या बयाने स्वतःच्या तिन्ही लेकींकडून हक्कसोड लिहून घेतलं. आत्या तेव्हा काही बोलल्या नाहीत. थोरल्या आत्याचं काय झालं ते आपण दोघी जाणतो.

शेवटची काही वर्षं बया अंथरुणावर होती तेव्हा तिचं सगळं माझ्या आईने केलं. अंघोळ, औषध, रात्रीचं उठणं. तिला उपकार करायचे नव्हते आणि सूडही घ्यायचा नव्हता. घरात दुसरं कुणी करणारं नव्हतं. हेही लिहून ठेवायला हवं.

कोयनाकाठ

तू लिहिलंस ते बरं झालं. यातलं गुळाचं मला ठाऊक नव्हतं. माहेराचं ठाऊक होतं, पण ते तुझ्या आईचं दुःख, ते तिच्या बाजूनेच यायला हवं होतं.

हक्कसोडीबद्दल मी बयाला विचारलं होतं. मुलींना वडिलोपार्जित जमिनीत वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ला झाली, केंद्राने २००५ला केली. तलाठ्याने घरी येऊन ते समजावून सांगितलं होतं. बया म्हणाली, "जमीन हाय तरी किती? डोंगराचा तुकडा. त्यासाठी भावांनी दार लावलं मजी लेकीनी जायाचं कुटं?" तिच्या माहेरची भरपाई वाटली गेली तेव्हा चार बहिणींपैकी कुणी एक पैसा मागितला नाही. मागितला असता तर सात भावांची दारं बंद झाली असती आणि ती तिला उघडी हवी होती. तिने स्वतः जे केलं तेच लेकींकडून करवून घेतलं. थोरल्या आत्याला त्याच जमिनीच्या तुकड्याची पुढे किती गरज पडली, ते बयाने पाहिलं. शेवटी शेवटी तिला भेटायला आत्या आली की बया तिचा हात धरून बसायची आणि काही बोलायची नाही.

तुझी आई बोलायला तयार असेल तर मी येते. तिला जे सांगायचं असेल ते तिच्या शब्दांत उतरवून घेते.

सदाफुली

मी सत्तरीची आहे, सून म्हणून एका मोठ्या घरात गेले आणि आता सासू आहे. दोन्ही बहिणींचं पटतं.

घरात दाणा कमी असला की किल्ली कुणाकडे तरी लागते, नाहीतर श्रावणाआधीच कणगी रिकामी. ज्या बाईकडे किल्ली ती वाईट होते. इथवर मी बयाच्या बाजूची. पण तूट वाटायची वेळ आली तेव्हा ती सुनांच्या ताटात आधी टाकायची, हे दुष्काळाने ठरवलेलं नव्हतं. ते घराने ठरवलं होतं. आमच्याकडेही असंच होतं. माझ्या सासूबाईंना त्यांच्या सासूने जे केलं तेच त्यांनी मला केलं. मी माझ्या सुनेला सांगितलं, आपण सगळ्या एकत्र बसू. पहिले सहा महिने तिलाच पटेना.

वाकळ, तुझ्या आईला माझा नमस्कार सांग. मनात राग असताना एखाद्याचं सगळं करणं किती जड असतं, ते मला माहीत आहे.

जुनीवही

धागाकर्तीला काही कामाच्या सूचना.

जात्यावरच्या ओव्या घरातल्या कुणाही बाईला आठवत असतील तर लगेच मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, चालीसकट. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी पुण्यातून अशा ओव्या गावोगाव फिरून जमवल्या, त्यांची संख्या लाखाच्या वर गेली. आज तो सगळा संग्रह 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर टप्प्याटप्प्याने येतो आहे. धरण, गिरणी, भाऊ-बहीण, सगळे विषय त्यात आहेत. बयाची ओवी तिथे शोधून पाहा. सापडली तरी आनंदच, तिच्यासारखी दुसरीही कुणी तीच गात होती म्हणून.

वंशावळीचं. नेहमीचा झाडाचा तक्ता घेतलात तर लेकी पुन्हा गळतील, कारण त्यात फांदी मुलाच्याच नावाने पुढे जाते. त्यापेक्षा प्रत्येक बाईला एक पान द्या. जन्माचं गाव, सासरचं गाव, आणि बुडीतातली असेल तर उठून जिथे गेली ते गाव. आई कोण, लेकरं किती, जगली किती. अशी पानं एकमेकांना जोडत गेलात की बया ज्या वाटेने नातं सांगायची ती वाट कागदावर येईल.

तिसरं म्हणजे जुने कागद टाकू नका. कोयनेच्या धरणग्रस्तांची संकलन यादी तयार करण्याचं काम अलीकडच्या काळापर्यंत चालू होतं. डॉ. भारत पाटणकर आणि श्रमिक मुक्ती दलाने कोयनानगरला पुन्हापुन्हा धरणे आंदोलन केलं तेव्हा कुठे त्याला गती आली. वारस सिद्ध करताना घराघरांत हाच घोळ होतो की आजोबांचं नाव सापडतं, आजीचं माहेर सापडत नाही. तुमच्या वहीचा तिथेही उपयोग होईल.

खोऱ्याबाहेर

मी कांदाटी खोऱ्यातला, सध्या मस्कतला. आमच्या गावाला अजून तापोळ्याहून लाँचने जावं लागतं. माझ्या चुलत आजीला बाळंतपणासाठी लाँचमधून नेताना वाटेतच मुलगी झाली होती. धरणानंतर आधी पाणी आडवं आलं, मग १९८५ला अभयारण्य, मग व्याघ्रप्रकल्प. पुरुष मुंबईला आणि म्हाताऱ्या गावात, असं माझ्या लहानपणापासून पाहतोय.

एक विचारायचं होतं. बयाच्या सोलापूरकडे गेलेल्या भावाचं काही कळलं का? आमच्यातलीही काही घरं तिकडे गेली. डोंगरातल्या माणसांना ती सपाट, कोरडी जमीन झेपली नाही, अशा गोष्टी आजी सांगायची. भात कळत होता, ज्वारी कळेना.

कोयनाकाठ

@खोऱ्याबाहेर, तो भाऊ तिथेच राहिला. पहिली तीन-चार वर्षं हाल काढले, परत यायचं म्हणत होता. बयाने निरोप धाडला की परत यायला जागा उरली नाही, तिथल्याच माणसांत सोयरीक कर म्हणजे पाय रुजतील. त्याने दोन लेकी तिकडच्या शेतकरी घरांत दिल्या. त्या जावयांनी त्याला ज्वारी शिकवली. आता त्यांचे नातू ऊस लावतात. बयाच्या तेराव्याला ती सगळी गाडी करून आली होती. त्यांच्या बोलण्याचा हेल आता पुरता सोलापूरचा झालाय, पण पानात नाचणीची भाकरी मागून घेतली.

@जुनीवही, बाईमागे एक पान ही पद्धत फार आवडली. तशीच करते.

वाकळ

काल आईजवळ बसले. आधी म्हणाली, माझं काय लिहायचं. मग तीन तास बोलली.

बया धरून चार बहिणींतल्या तिसरीचं सासर आपण पाटणकडचं समजत होतो. आई म्हणते, नाही, ते उठून कुलाब्याला गेले, बयाच्या दोन भावांच्या शेजारच्याच वस्तीत. तिला पाच मुली, मुलगा नाही, म्हणून भावकीच्या कुठल्याच कागदात ते घर नाही. पाचही मुलींची सासरं आईला तोंडपाठ आहेत. कशी, म्हणून विचारलं तर म्हणाली, रात्री झोप लागायची नाही तेव्हा बया एकेक नाव घ्यायची, आणि मी चुकले की पुन्हा म्हणायला लावायची.

मी सगळं ध्वनिमुद्रित केलंय. तुला पाठवते. आईने एक अट घातली आहे. तिच्या पानावर तिच्या आईचं नाव आणि आजोळचं गाव पहिल्या ओळीत हवं.

कोयनाकाठ

पहिल्याच ओळीत लिहिते. रविवारी मी येते, काकूला सांग, घाई नाही, तिला जेवढं बोलायचं तेवढं बोलू दे.

इथल्या वाचकांना एक विनंती. अकरापैकी दहा भावंडांचा पुढचा ठावठिकाणा आता वहीत आला आहे. राहिला तो सर्वांत धाकटा भाऊ. धरणानंतर मुंबईला गेला, शिवडीच्या बाजूला राहायचा, गिरणीत बदलीवर होता. त्याच्या बायकोचं माहेर महाडकडचं आणि त्यांना एक मुलगी होती एवढं काकूला आठवतं. संपानंतर त्यांचा निरोप आला नाही. @परळनाका, तुमच्या आजीकडच्या त्या राहिलेल्या ट्रंकांवरचे पत्ते अजून कुठे लिहून ठेवलेले असतील तर जावळीतलं कुठलंही गाव असलेला कागद बघाल का? नाव इथे लिहीत नाही, व्यनि (खासगी निरोप) केला आहे.

परळनाका

व्यनि मिळाला. वडिलांची ती डायरी माझ्या बहिणीकडे कल्याणला आहे. शनिवारी जाऊन बघतो आणि कळवतो.